पोस्टरवरची सापोमा मावशी

कुमासी शहराच्या आयिग्या भागातल्या सापोमा मावशीच्या खाणावळीत जेवायला एक तोंड पुरतं, बोलायला दोन असली तरी कमी पडतात. दुपारभर उखळात कसाव्याचे उकडलेले कंद आणि कच्ची केळी कांडली जातात, मुसळाचा धपधप आवाज चौकापर्यंत ऐकू येतो आणि त्या आवाजावर आवाज चढवून गिऱ्हाइकं भांडत असतात. या कांडलेल्याचा मऊ गोळा म्हणजे फुफू, तो काय, कुमासीत गल्लोगल्ली मिळतो. इथं त्याच्याबरोबर वाद फुकट मिळतो.

मावशीचं वय साठ. एकतीस वर्षांपूर्वी तिचा नवरा, लाकडाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर, रस्त्यातच गेला आणि हिच्या पदरात दोन वर्षांची ओफोसुआ तेवढी राहिली. बाकी सगळं सासरच्यांनी उचललं. शेवटी ते उखळ न्यायला आले, तर ही उखळावर ठाण मांडून बसली. "न्यायचंय ना? मग माझ्यासकट उचला," म्हणाली. मावशी तेव्हाही अंगानं भरलेली होती. त्यांनी दोनदा जोर लावून पाहिला आणि निघून गेले. त्या उखळावर तिनं लेक वाढवली, शिकवली, सुन्यानी गावात दिली. लाकडांच्या ढिगात निघालेला साप तिनं मुसळानं ठेचला. नगरपालिकेच्या माणसांना तर वाढायच्या डावानं पिटाळलं. घाबरायचं कसं हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, तिला तेवढा वेळ मिळाला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तिनं भिंतीवर टीव्ही लावला आणि तेव्हापासून रविवारी चार वाजता, चर्च सुटल्यावर, खाणावळ गच्च भरायला लागली. कारण त्या वेळेला 'पालथं वाडगं' ही मालिका लागायची. मालिका अशी, की आसाबेआ नावाची कापडाची मोठी व्यापारीण अक्राच्या दवाखान्यात वारली. तिचं प्रेत चार महिने शवागाराच्या बर्फात पडून आहे आणि पाच मुलं अंत्यविधीच्या तारखेवरून भांडतायत. भांडता भांडता एकेक जण विषानं मरतोय, आणि प्रत्येक मुडद्याशेजारी धुऊन पालथं घातलेलं एक मातीचं वाडगं सापडतंय. यात नवल विषाचं होतं. तारखेचं भांडण तर आयिग्यातल्या प्रत्येक घरानं केलेलं होतं.

"हा इन्स्पेक्टर कुणी निवडला?" ओबिरी मास्तर दर रविवारी विचारायचे. निवृत्त शिक्षक, शाळा सुटली तरी तपासायची सवय सुटली नव्हती. "हे पोट घेऊन तो चोरामागे पळणार? चोरानंच दया येऊन थांबायला पाहिजे."

"पोटाचं सोडा मास्तर, तो धाकटा मुलगा बघा," पंक्चरवाला तावियाह म्हणायचा. "भाऊ मेला तरी दात दाखवतोय. साबणाच्या जाहिरातीतून उचललाय, अजून फेसच येतोय त्याला."

"तुला जळायला काय होतं?" समोरच्या केस विंचरायच्या दुकानातली व्हिडा उसळायची. त्या धाकट्यावर तिचा जीव होता. "तुझं तोंड टायरला लावलं तर हवा जाईल."

खुनी कोण, यावर निम्मी खाणावळ म्हणायची की स्वयंपाकीण. मावशीला ते खपायचं नाही. "रांधणारीवर संशय घ्यायचा असेल तर दुसरीकडे जेवा," ती डाव आपटून सांगायची. "ज्या हातानं रस्सा ढवळला त्या हातानं कुणी विष घालत नाही. लिहिणाऱ्यानं कधी चूल पाहिली नसेल, म्हणून असलं सुचतं." हा तिच्या घरचा कायदा होता आणि रस्सा चांगला असल्यामुळे सगळे तो पाळत.

जूनच्या पहिल्या रविवारी मालिकेतल्या मुलांची तारीख एकदाची ठरली. आसाबेआचं पोस्टर छापून आलं, नोकरानं ते वाड्याच्या फाटकावर चिकटवलं आणि कॅमेरा हळूहळू जवळ गेला. लाल-काळं शोकाचं वस्त्र, कानात मोठ्या रिंगा, एक भुवई दुसरीपेक्षा किंचित वर. वर ठळक अक्षरांत 'हाय रे घात!' खाली, वय साठ. अंत्यविधी शनिवार, अठ्ठावीस जून.

खाणावळीत कुणीतरी फुफूचा गोळा तोंडाशी नेलेला होता, तो तिथंच राहिला.

"मावशी," तावियाह म्हणाला, "ही तर तू."

मावशीनं पाहिलं. भुवई तिची होती, रिंगाही तिच्याच. हातातला डाव रश्श्यात बुडाला तो तिनं काढला नाही. कुमासीत भिंत अशी नाही जिच्यावर मेलेल्यांची तोंडं चिकटलेली नाहीत. लोक ती बसच्या पाट्यांसारखी वाचत जातात, कोण, कुठला, कुठल्या शनिवारी. आणि ज्याचं तोंड एकदा तिथं चिकटलं तो खाली उतरून आल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

"साठीला 'हाय रे घात' नाही लिहीत," ओबिरी मास्तर भानावर न येताच म्हणाले. "सत्तरीच्या पुढं 'देवाचं बोलावणं' लिहितात, आणि चाळिशीच्या आत..."

"मास्तर, गप्प बसा हो!" व्हिडा ओरडली.

तावियाह मात्र बोटं मोजत होता. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हिशेब दिसला की त्याला राहवत नसे. "विधी अठ्ठावीसला. म्हणजे प्रेत निदान महिनाभर तरी बर्फात पाहिजे. आज एक तारीख." त्यानं वर पाहिलं. "मावशी, तुला तर उशीर झालाय."

हसायला म्हणून तो थांबला. हसलं कुणीच नाही. मावशी चुलीशेजारी मटकन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंटवीच्या दुकानात उभी राहिली. आंटवी फोटो काढायचा आणि मेलेल्यांची पोस्टरं छापायचा. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या अंत्यविधीला मावशीचा तो फोटो त्यानंच काढला होता.

"टीव्हीवाली माणसं आली होती," तो संगणकाच्या आड सरकत म्हणाला. "म्हणाली, आईसारखा चेहरा पाहिजे, गेल्यावर घर सुनं वाटावं असा. कुणी ओळखीचं नको. मी शंभर तोंडं दाखवली, त्यांनी तुझं उचललं."

"शंभरांतली बाकीची कोण होती?"

"ती... ती गेलेलीच होती सगळी."

"म्हणजे मेलेल्यांच्या रांगेत मला एकटीला जिवंत उभी केलीस तू!"

"मावशी, पण चेहऱ्यात वजन आहे असं म्हणाले हो ते."

एरवी मावशीनं त्याच्या डोक्यात काहीतरी घातलं असतं. त्या दिवशी तिच्या हातात बळ नव्हतं. 'घर सुनं वाटावं असा चेहरा' हे शब्द ऐकून क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच तिला जास्त भीती वाटली.

मग भीतीनं तिच्या घरात बिऱ्हाडच केलं. छातीत धडधडायला लागलं की ती चुलीला धरून उभी राहायची. रात्री दिवा मालवेनाशी झाली. सुन्यानीहून ओफोसुआचा फोन आला तो रडतच, "आई, शेजारीण विचारते तुझी आई कधी गेली." कुळातल्या थोरल्यांनी मेंढी कापायला सांगितली, मावशीनं कापली. पाद्रीबाबांनी कपाळाला तेल लावलं, तिनं लावून घेतलं. मेंढी गेली, तेल वाळलं, भीती जागची हलली नाही. गिऱ्हाइकं वाईट नव्हती, पण एकाचं पोट बिघडायला लागलं, दुसऱ्याचा उपास निघायला लागला. जिचं पोस्टर लागलंय तिच्या हातचं कोण खाणार? एका बाईनं वाडगं घेतलं, मावशीचं बोट तिच्या बोटाला लागलं, तशी ती दचकून म्हणाली, "गरम आहे हो हात!" आणि मग दोघीही ओशाळल्या.

तोड काढली ती ओबिरी मास्तरांनीच. दुसऱ्या रविवारी मालिका संपल्यावर ते काठी टेकत उठले. "सापोमा, मी सगळे भाग मनात तपासले. आसाबेआचं प्रेत आपण पाहिलंय? नाही. शवागाराचं दार दाखवलं, खण कुणी उघडला नाही. मालिकेत ज्याचं प्रेत दाखवत नाहीत तो मेलेला नसतो."

"मग?"

"मग त्यांना जाऊन सांग, अठ्ठावीसच्या आत तिला जिवंत दाखवा. ज्यांनी पोस्टर लावलं त्यांनीच काढायला पाहिजे."

एजिसूच्या रस्त्यावरच्या एका भाड्याच्या बंगल्यात मालिकेचं काम चालायचं. मावशी ट्रोट्रोत, भाड्याच्या खचाखच गाडीत, बसून गेली. गाडीभर माणसांत तिला वाटत होतं, सगळे आपल्याकडेच बघतायत, आणि चार जण खरोखर बघत होते. फाटकावर तिचं पोस्टर अजून होतं. रखवालदारानं पोस्टरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता दोन पावलं मागे सरून फाटक उघडलं.

मालिकेची दिग्दर्शिका ओडुरो बाई, चाळिशीची, सडपातळ, बोलताना दुसराच विचार करणारी. तिनं मावशीचं सगळं ऐकून घेतलं. आधी तिला हसू आलं, मग ते गेलं.

"शेवटचा भाग बावीसला आहे," ती म्हणाली. "गुरुवारी तो चित्रित करायचाय. आणि खरं सांगू का आई, शेवट मला अजून पटलेला नाही. तुम्ही जिवंत परत आलात तर लोक खुर्चीतून पडतील."

"आणा मग! आणा मला परत," मावशीनं तिचे हात धरले.

"थांबा. आसाबेआ जिवंत असेल तर ती इतके दिवस लपली का? चार मुलं मेली तरी बाहेर का आली नाही?" बाई तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. "कारण मारणारी तीच. आपल्या मरणावर कोण रडतं ते बघायला लपली. कुणीच रडलं नाही. म्हणून स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं येऊन स्वतःच्या हातानं रांधून घालत राहिली. जिवंत आणलं तर असंच आणता येईल. नाहीतर ती मेलेलीच बरी, चांगली बाई म्हणून तरी राहील."

मावशीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं बाईचे हात सोडले. मेलेली राहिली तर अठ्ठावीस तारीख, आणि जिवंत झाली तर सगळ्या कुमासीच्या देखत विष कालवायचं. एकतीस वर्षं लोकांना खाऊ घालणाऱ्या बाईला हे विचारत होते! इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण तिथं निदान पाय कुठं टाकायचा हे दुसरं कुणी ठरवत नाही.

तिनं बंगल्याच्या पायरीवर बसून लेकीला फोन लावला.

"आई, तू जिवंत राहा," ओफोसुआ म्हणाली. "खुनी तर खुनी. माझ्या पोरांना आजी पाहिजे."

"आणि खाणावळ?"

"मेल्यावर चालवणार होतीस का?"

गुरुवारी तिला करड्या लुगड्यात उभी केली. काम एवढंच, की धाकट्या मुलासमोर वाडगं ठेवायचं आणि म्हणायचं, "जेव. दमला असशील." बस्स. रस्सा खराच होता, मावशीनंच रांधलेला, कारण दुसऱ्याच्या हातचा तिला वाढता येईना. पहिल्या चार वेळा तिचा हात इतका थरथरला की रस्सा चटईवर सांडला. ओडुरो बाई वैतागली. पाचव्या वेळेला मावशी इतकी थकली होती की अभिनय करायचं विसरली. रोज जसं ठेवते तसं तिनं वाडगं ठेवलं, रोज जसं म्हणते तसं मायेनं म्हणाली, "जेव. दमला असशील," आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तो दात दाखवणारा पोरगा तिच्याकडे बघतच राहिला. त्याचा हात वाडग्यापर्यंत गेला आणि थांबला. त्याच्या ओठांवर घाम आला. तो खरोखर घाबरला होता. खोलीतली सगळीच घाबरली होती. कॅमेऱ्यावरचा माणूस नंतर शपथेवर सांगत होता की त्या दिवशी त्यानं घरीसुद्धा जेवण घेतलं नाही. मावशीला कळेना की आपण असं केलं तरी काय.

बावीस तारखेला खाणावळीत उभं राहायला जागा नव्हती. बाहेर रस्त्यावर, खिडकीत, उखळावर माणसं. करड्या लुगड्यातली आसाबेआ मागच्या दारानं आत आली आणि पदर मागे सारला, तेव्हा अशी किंकाळी उठली की शेजारची कोंबडी उडाली. "जिवंत आहे! मावशी जिवंत आहे!" व्हिडा नाचायला लागली. मग आसाबेआनं वाडगं ठेवलं. "जेव. दमला असशील." आणि खाणावळ गप्प झाली. तिथल्या प्रत्येकानं तो आवाज ऐकलेला होता, त्याच वाक्यासकट, त्याच मायेसकट, पोट भरेपर्यंत.

संपल्यावर वाद झाला, पण हळू आवाजात.

"निवड म्हणावी तर ही," ओबिरी मास्तर म्हणाले. "सबंध मालिकेत एवढी एकच बरोबर."

"तो धाकटासुद्धा आज पहिल्यांदा माणसासारखा दिसला," तावियाहनं कबूल केलं.

"घाबरला होता रे तो," व्हिडा म्हणाली. "मी पण."

मावशी त्या दिवशी गाढ झोपली, दिवा मालवून. सोमवारी पहाटे उठून तिनं भांडंभर रस्सा केला. दुपार झाली. कुणी आलं नाही. मंगळवारी निम्मा केला, बुधवारी पाव. लोक रस्त्यानं जाताना हात हलवायचे, "मावशी, काय काम केलंस ग!" म्हणायचे आणि पुढं जाऊन दुसरीकडे जेवायचे. टीव्हीवरून जीव परत मिळाला तो मिळाला, पण तो घेऊन करायचं काय? शुक्रवारी तिनं कसावा कांडायला सांगितलाच नाही. मुसळाचा आवाज नाही म्हणून चौकातली माणसं मान वळवून बघत होती.

आणि शनिवारी अठ्ठावीस तारीख उजाडली. तिनं मनाशी म्हटलं होतं की आता पोस्टरचं काही उरलं नाही. सकाळी लाल-काळ्या वस्त्रांतली माणसं कुणाकुणाच्या विधीला जायला निघाली तशी छाती पुन्हा धडधडायला लागली. घरात एकटं बसवेना, म्हणून तिनं चूल पेटवली.

अकराच्या सुमाराला ओबिरी मास्तर, तावियाह आणि व्हिडा एकदमच आले. जेवायला आलोय म्हणाले. खरं तर तारीख बघून आले होते, हे तिघांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मावशीनं मास्तरांपुढं वाडगं ठेवलं. ते नेहमीचं 'दमला असाल' तिनं आज म्हटलं नाही.

मास्तरांनी हात धुतले, पण वाडग्यात घातले नाहीत. "सापोमा, राग मानू नकोस. राजवाड्यात वाढणारा आधी चाखतो. ताडीवालासुद्धा पहिला घोट स्वतः घेतो. रीतच आहे आपली."

"एवढी वर्षं खाल्लंत तेव्हा कुठं गेली होती रीत?"

"तेव्हा तू कुणाला मारलं नव्हतंस," तावियाह बोलून गेला आणि त्यानं स्वतःच जीभ चावली.

मावशीनं फुफूचा गोळा तोडला, रश्श्यात बुडवला, तोंडाशी नेला. आणि थांबली. तिनंच मीठ घातलं होतं, मासा तिनंच निवडला होता, मिरची तिनंच वाटली होती. तरी आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या हातच्या घासाची भीती वाटली. आज शनिवार. यायचंच असेल तर ते याच घासातून येईल, असं मनानं घेतलं. तिघं श्वास रोखून बघत होते. तिनं डोळे मिटले आणि गिळला.

मिरची चुकीच्या नळीत गेली.

मावशीला ठसका लागला, असा की चेहरा काळानिळा झाला, डोळ्यांतून पाणी आलं, दोन्ही हात हवेत गेले. बाक उलटला. "धावा रे, मावशी गेली!" तावियाह रस्त्यावर जाऊन बोंबलायला लागला. व्हिडानं तिला कमरेला घट्ट मिठी मारली आणि सोडेना. आणि ओबिरी मास्तर, ज्यांनी जन्मात कुणाला शाबासकी दिली नव्हती, ते तिच्या पाठीत धपाटे घालत ओरडत होते, "सापोमा! जाऊ नकोस ग! माझे आई, जाऊ नकोस! आम्ही कुणाकडं जायचं?"

"मिरची," मावशीला कसाबसा श्वास मिळाला. "मिरची लागली... घशाला."

तावियाह दारात उभा राहून बाहीला नाक पुसत होता. मास्तर उलटलेला बाक सरळ करून त्यावर बसले. त्यांनी तेच वाडगं पुढं ओढलं, त्यात तोंड घालावं इतके वाकले, आणि डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून तसेच वाकून भराभर खायला लागले.

"जास्तच झालीय खरी मिरची," ते खाली मान घालून म्हणाले.

मावशी बाकावर त्यांच्या शेजारी बसली होती. गिऱ्हाइकांच्या बाकावर ती आजवर कधी बसली नव्हती. "व्हिडे, तुझं तू वाढून घे ग," ती म्हणाली. "माझे हात अजून थरथरतायत." व्हिडानं आपलं वाढून घेतलं, तावियाहचं वाढलं, आणि कुणी मावशीला चाखायला सांगितलं नाही.